शाह जो रिसालो फुकट हवा, पण कोणता?

सिंधुकाठ (धागाकर्ता)
सिंधी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली. त्यांचा रिसालो, म्हणजे त्यांच्या कवितांचा संग्रह, पहिल्यांदा छापला तोही १८६६ साली, जर्मनीत लाइपझिगला, अर्न्स्ट ट्रुम्पने. या कवितेवर आज कुणाची मालकी उरलेली नाही. तरी उल्हासनगर-पिंपरीतल्या सिंधी पोरापोरींना त्यातला सूर मारुई (सूर म्हणजे रिसालोचा एक भाग) वाचायचा झाला तर पंचाईत. सिंधीची अरबी लिपी बहुतेकांना येत नाही, आणि देवनागरी प्रत शोधायची कुठे? आपण मात्र ज्ञानेश्वरी, गाथा मोबाइलवर हवी तेव्हा उघडतो. माझं म्हणणं साधं आहे. लतीफ, सचल, सामी, या सिंधी कवींचं सगळं दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी, विनाशुल्क ठेवा. परवानगीची वाट कसली बघायची?

खिळेजुळारी
असहमत. 'सगळा रिसालो' म्हणजे कोणता? ट्रुम्पच्या छापात काही सूर नाहीतच. होतचंद गुरबक्षाणींनी १९२३पासून खंड काढले, हस्तलिखितं ताडून, भरपूर टीपा देऊन. तीनच खंड झाले, पुढचं राहिलं. मग १९५८ साली मुंबईत कल्याण आडवाणींची आवृत्ती आली. कुठला बैत (दोहा) लतीफचा आणि कुठला त्यांचे खापरपणजोबा शाह करीम यांचा, हे ठरवण्यात संपादकांची उमेदीची वर्षं गेली आहेत. कविता सगळ्यांची असली तरी त्या टीपा सगळ्यांच्या नाहीत. भारतात निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. पुस्तक स्कॅन करून चढवणं याला मी तरी चोरीच म्हणतो.

सिंधुकाठ
गुरबक्षाणी १९४७ला गेले. म्हणजे इथे त्यांचं काम २००८पासून मोकळं आहे. ते तीन खंड तरी चढवाल की नाही? नव्या टीपा नंतर कुणीतरी लिहील.

कॅम्प नंबर तीन
मी सिंधी आहे आणि माझा विरोध वेगळा आहे. देवनागरी केलीत की पोरं अरबी-सिंधी कायमची सोडतील. १८५३ साली ठरलेली ती ५२ अक्षरं आमच्या वाडवडिलांनी फाळणीत सोबत आणली. आज सिंधमधल्या माणसाशी लेखी बोलायचा तोच एक पूल आहे. शिवाय सिंधीच्या खास उच्चारांसाठी देवनागरीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार अक्षरं आहेत खरी, पण टाइप करतो कोण? सरसकट ग, ज, ड, ब ठोकतात. असा रिसालो फुकट मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा.

नुसताच वाचक
"न मिळालेला बरा"? कमाल आहे! अहो, जुने सिंधी कवी काझी कादन (मृत्यू १५५१) यांचे मोजून सात बैत माहीत होते, तेही शाह करीमांच्या वचनसंग्रहात आले म्हणून. १९७०च्या दशकात अभ्यासक हिरो ठाकूर यांना हरियाणातल्या एका गावात शंभराहून जास्त सापडले, आणि ते हस्तलिखित देवनागरीत होतं. शिकारपूरचे सामी तर आपले श्लोक गुरमुखीत चिठोऱ्यांवर लिहून मडक्यात टाकायचे. कुठलीही लिपी चालली असती, कुणीतरी उतरवून ठेवलं हे महत्त्वाचं. लिपीचं सोवळं त्या कवींनी पाळलं नाही, आपण का पाळायचं?

कॅम्प नंबर तीन
काझी कादनांचा मुद्दा मान्य. पण हस्तलिखित करणाऱ्याला भाषा कानाने येत होती. इथे मशीन लिप्यंतर करणार आणि पोर तेच खरं समजणार. अरबी-सिंधीत लिहिताना जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, बहुधा गाळतात. मशीनला स्वर कळणार कसे?

तानपुरा
मुळात रिसालो वाचायचा ग्रंथ नाही, तो सुरांत बांधलाय. भिट शाहला, लतीफच्या दर्ग्यावर, फकीर दंबुरा या तंतुवाद्यावर वरच्या पट्टीत गातात ते ऐका. अक्षरं चढवून काय साधणार?

नुसताच वाचक
ऐकलंय. पण शब्द कळल्याशिवाय मला तरी त्यातलं अर्धंच पोचलं. दोन्ही ठेवा की.

खिळेजुळारी
स्वरांचा मुद्दा सगळ्यात खरा आहे, धागाकर्त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. गुरबक्षाणींच्या खंडांना माझी हरकत नाही. मात्र एकेक बैत भाषा येणाऱ्या माणसाने डोळ्यांखालून घालायला हवा, आणि त्याला पानामागे पैसे मिळायला हवेत. वाचकाला फुकट द्या, पण मुद्रितशोधकाला फुकट राबवू नका. उल्हासनगरात अरबी-सिंधी अस्खलित वाचणारे निवृत्त मास्तर अजून आहेत, सत्तरी-ऐंशीचे. त्यांच्यासाठी वर्गणी काढणार असाल तर माझे पहिले हजार रुपये धरा. स्कॅनच चढवणार असाल तर मी यात नाही.

सिंधुकाठ
हजार धरले. सुरुवात सूर सारंगने करू, पावसाचा आहे आणि तुलनेने लहान. कॅम्प नंबर तीन, ती चार अक्षरं तपासायला तुम्ही बसाल का?

कॅम्प नंबर तीन
अरबी लिपीतला पाठ आधी दिसणार असेल तर.