चाळ सुटली आणि आई गप्प झाली

प्रश्न: गिरणगावातील चाळीतून एकोणिसाव्या मजल्यावर आल्यापासून आई दिवसभर दार लावून बसते आणि जेवणही अर्धेच करते, हा वयाचा परिणाम म्हणावा की जागेचा?

उत्तर १: जागेचा वाटा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात सहापैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्यामुळे हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. मात्र भूक मंदावली असल्याने आधी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर २: चाळीत नळावर जातायेता चार उंबऱ्यांशी बोलणे होई, इथे लिफ्ट उघडते ती बंद दारांसमोर. माझ्या सासूबाई हल्ली चार वाजता मेथीची जुडी घेऊन खालच्या बाकावर निवडत बसतात. शेजारणी आपसूक जमतात, आणि भाजी (खरे सांगायचे तर) निम्मीच निवडून होते.