साकामोतो रयोमाची बहिणीला लिहिलेली पत्रं: इतिहासाचं साधन की घरगुती गप्पा?

रानवारा
रयोमा हा जपानमधल्या तोसा संस्थानातला सामुराई. सात्सुमा आणि चोशू या हाडवैरी संस्थानांची १८६६ मध्ये युती घडवण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी क्योतोत त्याचा खून झाला. जपान पुन्हा एकदा धुऊन काढायचाय, हे त्याचं वाक्य तिथे आजही तोंडोतोंडी असतं. ते आलंय १८६३ मध्ये थोरल्या बहिणीला, ओतोमेला, लिहिलेल्या पत्रातून.

भिक्षुणी होऊन डोंगरात निघून जावंसं वाटतं, असं ओतोमेनं त्याला कळवलं होतं. त्यावर तो तिची थट्टा करतो: भिक्षुणीच्या वेषात मंत्र म्हणत फिरलीस तर पैशाशिवाय देशभर भटकता येईल! आणि त्याच पत्रात त्याचा संतापही आहे. शिमोनोसेकीला चोशूशी लढताना नादुरुस्त झालेली परकी जहाजं शोगुनचे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याचे, अधिकारी एदोत (आजच्या टोकियोत) दुरुस्त करून परत लढाईला सोडतात, म्हणून. ही थट्टा गाळून नुसतं ‘धुऊन काढायचाय’ उचललं की माणूस हातून निसटतो, असं माझं ठाम मत आहे.

तळटीप
मला पटत नाही. एक तर हे पत्र बडबड्या लोकांना दाखवू नकोस, असं त्यानं सुरुवातीलाच बजावलंय. आपण तेच चव्हाट्यावर मांडून बसलोय. दुसरं, घरच्यांपुढे माणूस फुशारकी मारतोच. शोगुनच्या आरमारातला अधिकारी कात्सु काइशू, त्याचा शिष्य झाल्यावर बहिणीला लिहितो, जपानमधल्या सगळ्यात थोर माणसाचा मी शिष्य झालो! याला पुरावा म्हणायचं? पुरावा बघायचा तर चोशूचा पुढारी किदो ताकायोशी याचं पत्र बघा. युतीची सहा कलमं त्यानं लिहून काढली आणि त्यामागे रयोमानं लाल शाईत ती खरी असल्याची ग्वाही दिली. शोगुनचं राज्य उलटलं ते अशा कागदांनी.

रानवारा
ती ग्वाही त्यानं दोन्ही हातांना जखमा असताना लिहिलीय. काही दिवसांपूर्वीच क्योतोजवळच्या फुशिमीत, तेरादाया सराईत शोगुनची माणसं त्याला पकडायला आली होती. त्याची बायको ओरयो न्हाणीतून तशीच धावत वर गेली आणि तिनं त्याला सावध केलं. ती होती म्हणून मी वाचलो, हे तो ओतोमेला स्पष्ट लिहितो. तुमच्या लाल शाईच्या कागदावर या बाईचं नाव नाही.

माजघर
फुशारकीबद्दल: बढाई खोटीच असते असं कुठे आहे? संस्थान सोडून पळालेला, सत्तावीस वर्षांचा, आई लहानपणीच गेलेली. त्याला सांभाळलं ओतोमेनं. आपलं बरं चाललंय हे तो आणखी कुणाला सांगणार? कात्सुची शिकवणी ही तर त्याच्या पुढच्या सगळ्या आरमारी कामाची सुरुवात. मला किरिशिमा डोंगराचं पत्र फार आवडतं. ओरयोबरोबर डोंगर चढला, शिखरावरचा दैवी भाला दोघांनी उपटून बघितला आणि बहिणीला डोंगराचं चित्र काढून वाट कुठून कशी गेली तेही दाखवलं.

तळटीप
चित्र सुंदर आहे, मान्य. पण त्या डोंगरानं युती झाली नाही. अशा पत्रांमुळे रयोमा सगळ्यांचा लाडका झाला आणि तीच युती पेलणारे सात्सुमाचे साइगो आणि ओकुबो, चोशूचा किदो मागे पडले. ज्याची पत्रं गोड, त्याला श्रेय जास्त, हा हिशोब मला अन्यायाचा वाटतो.

रानवारा
मग साइगो-ओकुबोंचीही पत्रं वाचू या. लहानपणापासूनचे हे मित्र १८७७ च्या बंडात समोरासमोर उभे ठाकले: साइगो बंडखोरांचा पुढारी, ओकुबो सरकारात. त्यांच्यातलं हे तुटणं नुसत्या सरकारी ठरावांवरून कसं समजेल?