आमदारांचं कार्यवृत्त : पानोपानी हार-तुरे, विधानसभा कुठाय?

शेवटचा_बाक :
काल निष्ठावंत यांनी टाकलेली पोस्ट वाचली. "आमचे आमदार दर महिन्याला कार्यवृत्त पाठवतात, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आणि घरोघर छापील अंक, असा पारदर्शक लोकप्रतिनिधी दुसरा दाखवा." तिथंच दोन ओळी खरडणार होतो पण दोन ओळीत राग मावेना म्हणून हा वेगळा धागा.

तो अंक माझ्याकडेही आलाय साहेब. गुळगुळीत कागद, कव्हरवर वरच्या नेत्यांचे गोल फोटो आणि खाली आमदार हात जोडून. आत भूमिपूजन, लोकार्पण, सत्कार, सांत्वनपर भेट, परत भूमिपूजन. एका फोटोत हायमास्टचं बटण दाबायला नऊ जणांचे हात, त्यात ग्रामसेवकाचा फक्त कोपर दिसतोय. प्रत्येक कामापुढे 'मंजूर' लिहिलंय, 'पूर्ण' असं शोधून सापडत नाही.

आता मला सांगा हा माणूस आम्ही कशाला निवडून दिला? जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात जनसुरक्षा विधेयक आलं, त्याच्यावर १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या, आणि विधानसभेत ते आवाजी मतदानानं पास झालं. आमचे साहेब त्या दिवशी सभागृहात होते का, बोलले का, की कॅन्टीनला होते? त्याच्या आधी पहिलीपासून हिंदीच्या जीआरवर अख्खा महाराष्ट्र भांडत होता, २९ जूनला सरकारनं ते मागे घेतले, तेव्हा साहेबांचं मत काय होतं? एक ओळ नाही. वर्षाला ५ कोटी आमदार निधी असतो, आमदारानं कामं सुचवायची आणि मंजुरी कलेक्टर ऑफिसातून, पैसा आपला. मग 'साहेबांच्या निधीतून' म्हणजे काय? कुठल्या कामाला किती गेले आणि किती पडून आहेत एवढा एक तक्ता छापा की, बाकी फोटो नाही छापले तरी चालतील.

निष्ठावंत :
झालं का बोलून? तुमच्या वाडीवरचा रस्ता ग्रामविकासाच्या २५१५ निधीतून कुणी आणला ते विचारा आधी घरच्यांना. जनसुरक्षा विधेयक काय आमच्या गावातल्या म्हातारीला वाचून दाखवायचं का? तिला पाणी कधी येणार ते पाहिजे. ज्याला विधानसभा बघायचीये त्यानं यूट्यूबवर बघावी, कुणी धरलंय का तुम्हाला.

शेवटचा_बाक :
पाण्याचं तरी कुठं लिहिलंय? जलजीवनची टाकी उभी राहून किती दिवस झाले, माणशी रोज ५५ लिटर म्हणून योजना आली, नळ बसले, नळाला हवा येते. ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही. अंकात टाकीचा फोटो मात्र ड्रोननं काढलेला.

माहेरवाशीण :
मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी जात होता. माझी आई विधवा, आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार? सेतू केंद्रवाला म्हणे होत नाही जावा. नंतर मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असं ठरलं ते आईला आमच्या आमदारांच्या व्हॉट्सअॅपवरून कळलं. बातम्या ती बघत नाही. तर सगळंच टाकाऊ असतं असं नाही.

शेवटचा_बाक :
ताई ते पान चांगलं होतं, घ्या, दिलं. पण विधवा बाईला मेलेल्या माणसाचा ओटीपी मागायची अट घातली कुणी? यांच्याच सरकारनं. आधी खड्डा खणायचा मग उडी कशी मारायची त्याचं पत्रक वाटायचं.

निष्ठावंत :
ह्याला म्हणतात जळकी वृत्ती. आईचं काम झालं तरी पोटात दुखतंय.

वावरातून :
माझा राग त्या सांत्वनपर भेटीच्या पानावर आहे. कुणाच्या दारात मयत झालंय आणि तुम्ही फोटोग्राफर घेऊन जाता? आमच्याकडे दहाव्याला नदीवर माईक असतो. पिंडाला कावळा शिवून गेला तरी सूत्रसंचालक म्हणतो, साहेब पाच मिनिटात पोचतायत, कुणीही जागा सोडू नये. मग आधी आजी आमदार येणार, मग माजी, मग झेडपीचा इच्छुक, सगळ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि घरचे उपाशी उन्हात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मुहूर्त १२:३५ चा होता, अक्षता हातात घेऊन लोकं घामानं भिजली, साहेब आले सव्वाला, आणि येऊन काय बोलले तर तालुक्यात किती कोटीची कामं आणली ते. नवरी स्टेजवर उभी.

निष्ठावंत :
आणि आले नसते तर? तुम्हीच पारावर बसून म्हणाला असता की निवडून आल्यावर माजला. पत्रिका तुम्ही देता, 'प्रमुख उपस्थिती' म्हणून नाव तुम्ही छापता, आणि आले की शिव्या. साहेब दिवसाला दहा लग्नं करतात, जेवायला वेळ नसतो.

वावरातून :
मग करू नका ना! मी मागणी केलेली का जेवायला या म्हणून?

फाईल_नंबर :
मी काही वर्षं एका आमदारांच्या ऑफिसात होतो, कुठल्या ते विचारू नका. लग्नसराईत पत्रिकांचा गठ्ठा रोज गट-गणानुसार लावायचा, कुठल्या घरात मतं किती आणि मागच्या वेळी तो कुणाबरोबर होता ते पेन्सिलनं कोपऱ्यात लिहायचं, मग गाडीचा रूट. दहाव्याची वेगळी वही. नागपूरचं हिवाळी अधिवेशन नेमकं डिसेंबरच्या तिथींच्या तोंडावर येतं, तेव्हा अर्धं लक्ष इकडे. आता समृद्धी झाल्यावर तर रात्री निघायचं आणि सकाळी लग्नाला हजर.

कार्यवृत्ताचं म्हणाल तर ते एजन्सी करते, तिला फोटो पाठवायचे, मजकूर ते फोटो बघून लिहितात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं ते, छापा म्हणून मी एकदा सुचवलं होतं. साहेब हसले. प्रश्न कसे असतात बघितलेत का कधी? एका प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं, 'हे खरे आहे काय', आणि मंत्र्यांचं उत्तर 'अंशतः खरे आहे', शेवटच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. हे छापून मत मिळतं का?

शेवटचा_बाक :
मिळत नसेल. तरी छापा. तेवढंच तर तुमचं काम आहे.

मांडवीकाठ :
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे ४० आमदार, एकेका मतदारसंघात तीस हजाराच्या आसपास मतदार. आमचा आमदार लग्नाला, चतुर्थीला, फेस्ताला आला नाही तर लोक खरंच मनावर घेतात, कारण तो ओळखीचा असतो. तुमच्याकडे ९ कोटी ७० लाख मतदार भागिले २८८, म्हणजे तीन लाखाच्या वर. त्याला सगळी लग्नं करायला लावणं हा वेडेपणा आहे, पण दोष फक्त त्याचा कसा?

जर्सीकर :
न्यू जर्सीत राज्य विधानसभेत ८० जण आहेत, कुणी कुठल्या बिलावर हो म्हटलं की नाही ते विधिमंडळाच्या साइटवर नावानिशी दिसतं. आपल्याकडे बहुतेक सगळं आवाजी मतदान, पोल, म्हणजे मतं मोजून घ्या असं मागितलं तरच नोंद. हे बदलायला हवं. बाकी इथल्या आमदारांच्या पत्रकात पण फीत कापतानाचे फोटोच जास्त असतात, हे सांगून टाकतो.

निष्ठावंत :
आले एनआरआय. दादा तिकडे व्हिप मोडला म्हणून आमदारकी जाते का? इथं १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्ष म्हणेल तिकडे हात वर करायचा. मग कार्यवृत्तात लिहायचं काय, 'पक्षानं सांगितलं म्हणून होय म्हणालो'?

शेवटचा_बाक :
हे मात्र पहिल्यांदाच खरं बोललात. मत स्वतःचं नाही, ठीक. तोंड तर स्वतःचं आहे? प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, ह्याला कुठला व्हिप आडवा येतो?

पेठेतला :
मूळ मुद्द्यावर येतो. आम्ही शहरात राहतो, आमच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक. ड्रेनेज तुंबलं की फोन कुणाला करायचा? आमदाराला. त्यानं जनसुरक्षा विधेयकावर काय दिवे लावले ते मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत जेटिंग मशीन पाठवलं. मग त्यानं त्याचा फोटो टाकला तर टाकू दे की.

शेवटचा_बाक :
म्हणजे निवडणुका चार वर्षं लटकल्या आणि त्याचं बक्षीस म्हणून आमदारच नगरसेवक झाला. ह्यावर त्याला सभागृहात बोलायचं होतं. बोलला का? पानं उलटून बघा.

पेठेतला :
बोलला असता तर माझं ड्रेनेज निघालं असतं का? तुम्ही राहता कुठे, तुमच्या दारात तुंबलं होतं का कधी?

वावरातून :
ओ ड्रेनेजवाले, थांबा जरा, दहाव्याचं राहिलं. मी एवढं बोललो पण एक सांगतो. माझे वडील गेले तेव्हा हेच आमदार आले होते, दहाव्याला नाही, मागाहून, एकटेच, संध्याकाळी. कॅमेरा नव्हता. आईजवळ बसले, वडिलांबरोबर साखर कारखान्याच्या मोर्चात होतो म्हणाले, तिनं दिलेला चहा घेतला. २०२४ ला आईनं त्यांनाच मत दिलं, मी सांगूनही ऐकलं नाही. तिला तुमचे तारांकित प्रश्न दाखवून काय उपयोग.

निष्ठावंत :
बघा. हा माणूस आहे आमचा.

वावरातून :
अहो तेच म्हणतोय, ती भेट कुठल्या अंकात आली नाही. मग बाकीच्यांच्या दारातले फोटो कशाला काढता?

फाईल_नंबर :
कारण प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याला आपला फोटो अंकात पाहिजे असतो. साहेबांपेक्षा त्यांचीच घाई. फोटो राहिला की तो रुसतो आणि बूथवर बसत नाही. अंक त्या कार्यकर्त्यांसाठीच निघतो, तुमच्या-माझ्यासाठी नाही.

निष्ठावंत :
कोण रुसतं? नावं घ्या.

शेवटचा_बाक :
मागच्या अंकात तुमचा फोटो शेवटच्या पानावर गेला म्हणून तुम्ही तीन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलं नव्हतं, अख्ख्या ग्रुपनं बघितलंय. तसंही तिथं फक्त अॅडमिनच बोलतात, आम्ही नुसता अंगठा द्यायचा.

निष्ठावंत :
अंगठा द्यायची पण गरज नाही. तुम्हाला काढलंय ग्रुपमधून.

माहेरवाशीण :
अहो काढू नका हो असं, त्यांनीच ती पीडीएफ पुढे पाठवली होती आईला.