कच्चा खेळ, मोठा आवाका: २००३ चा ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आज कसा जोखावा?

सुकाणूधारी

समुद्री चाच्यांच्या मुक्तविश्व (हवे तिकडे फिरू देणाऱ्या) गेमचा विषय निघाला की बहुतेक मंडळी २०१३ च्या ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’पासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. त्याच्या दहा वर्षे आधी अकेला या मॉस्कोच्या स्टुडिओने घडवलेला आणि अमेरिकेत बेथेस्डाने प्रकाशित केलेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मात्र ‘चित्रपटाच्या नावावर विकलेला अर्धवट गेम’ एवढ्या शेऱ्यात निकालात काढला जातो. हा शेरा मला अन्यायकारक वाटतो, म्हणून हा धागा.

मुळात हा गेम चित्रपटावरून बेतलेला नव्हता. अकेलाच्याच २००० सालच्या ‘सी डॉग्ज’चा तो पुढचा भाग होता, पुढे डिस्नेचे नाव त्याला चिकटले आणि चित्रपटाच्या सुमारास तो बाजारात आला. त्यामुळे त्यात चित्रपटातला चाचा जॅक स्पॅरो कुठेही भेटत नाही. नायक आहे नॅथॅनिएल हॉक नावाचा कप्तान, आणि ऑक्सबे, रेडमंड, डाउवेसन ही बेटे काल्पनिक आहेत. निवेदनातला किरा नाइटलीचा आवाज आणि कथेतले ब्लॅक पर्ल जहाज सोडले, तर चित्रपटाशी नाते फारसे उरत नाही. चित्रपट पाहून आलेल्या खेळाडूची निराशा झाली असेल तर त्याचा दोष वेष्टनावरच्या नावाला द्यावा, आतल्या मालाला नव्हे.

आणि आतला माल काय होता? वाऱ्याची दिशा पाहून जहाज वळवावे लागते, आणि कोणत्या जहाजाला कोणता वारा मानवतो हे ओळखल्याशिवाय पाठलाग जमत नाही. साधे गोळे, बॉम्ब, छर्रे आणि साखळगोळे यांचे काम वेगवेगळे आहे: बॉम्बने जहाजाचा सांगाडा फुटतो, साखळगोळ्यांनी शिडे फाटतात, छर्ऱ्यांनी डेकवरची माणसे पडतात. शत्रूचे जहाज ताब्यात घ्यायचे असेल तर ते बुडू न देता, त्याची शिडे आणि खलाशी तेवढे कमी करत जवळ जायचे, मग दोर टाकून डेकवर उतरायचे आणि शेवटी केबिनमध्ये कप्तानाशी तलवारीने लढायचे. जिंकलेल्या जहाजावर आपला अधिकारी कप्तान म्हणून नेमून छोटा तांडा उभा करता येतो. प्रत्येक बेटाची आयात-निर्यात वेगळी, निषिद्ध माल वेगळा. तो गुत्त्यातल्या तस्कराशी बोलून किनाऱ्यावर विकायचा, आणि तिथे गस्तीचे शिपाई येऊ शकतात. या सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. छर्ऱ्यांची लढाई हरलात की खलाशी घटतात, खलाशी घटले की तोफा भरायला वेळ लागतो, आणि मग ज्या व्यापारी जहाजावर तुमचा डोळा होता तेच तुमच्या हातून निसटते. इतकी गुंतागुंत मांडायला धजलेल्या गेमचे खडबडीत कोपरे मला सहज खपवून घेता येतात.

काटेकोर

धागाकर्त्यांनी आवाक्याचे वर्णन सुरेख केले आहे. पण वर्णन वाचणे आणि तो गेम खेळणे यांत जे अंतर आहे, तोच खरा वादाचा मुद्दा आहे. प्रकाशित झाला तेव्हा हा गेम मध्येच बंद पडण्यासाठी आणि कथेचे टप्पे अडकण्यासाठी प्रसिद्ध होता. पुढे कुठे जायचे, कोणाला भेटायचे, हे त्यातली रोजनिशी अनेकदा इतक्या मोघमपणे सांगते की खेळाडू बेटामागून बेट धुंडाळत बसतो. प्रत्येक दाराआड लोडिंग आहे, म्हणजे पुढचे दृश्य उघडेपर्यंत थांबणे आले. तलवारबाजी म्हणजे वार अडवणे आणि वार करणे, यापलीकडे फारसे काही नाही. समुद्रावर चातुर्य मागणारा गेम जमिनीवर पाय ठेवताच कंटाळा आणतो, आणि खेळाचा बराच वेळ जमिनीवरच जातो.

‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द अशा वेळी ढालीसारखा पुढे केला जातो. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, फिरॅक्सिसने ‘सिड मायर्स पायरेट्स!’ची नवी आवृत्ती आणली. तिचा आवाका लहान होता, पण समुद्रप्रवास, तलवारबाजी, गव्हर्नरच्या मुलीबरोबरचे नृत्य, जे ठरवले ते सारे तिने पुरे केले. आपल्याला काय झेपेल हे ओळखणे हाही कौशल्याचाच भाग असतो, आणि त्या कौशल्याला गुण द्यायचे नाहीत असे ठरवले तर समीक्षेचे मापच हरवते.

सुकाणूधारी

‘सिड मायर्स पायरेट्स!’ उत्तम आहे, यात शंका नाही. पण तो सुट्या लहान खेळांची माळ आहे. त्यातले नृत्य पहिल्या बंदरात जसे असते, तसेच दहाव्या बंदरात थोडे अवघड होऊन समोर येते. डेकवरून बंदराकडे पाहणे, तिथे उतरून रस्त्याने चालत गुत्त्यात जाणे आणि परत येऊन नांगर उचलणे, हे सलगपण त्याने कधी मागितलेच नाही. जे मागितलेच नाही, ते नीट केल्याचे श्रेय किती द्यायचे?

‘ब्लॅक फ्लॅग’चेही तसेच आहे. जॅकडॉ हे एकच जहाज शेवटपर्यंत चालवायचे. जिंकलेल्या जहाजांवर तुम्ही कप्तान होऊ शकत नाही; ती दुरुस्तीसाठी मोडायची, किंवा नकाशावरच्या एका वेगळ्या खेळात पाठवून द्यायची. दिसायला आणि ऐकायला तो गेम देखणा आहे, खलाशांची गाणी तर अप्रतिम आहेत. तरीही चाच्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा निर्णय, म्हणजे कोणते जहाज ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हा गेम खेळाडूच्या हातून काढून घेतो.

नोटपॅडवाला

चर्चेत एक तांत्रिक बाब राहून गेली आहे. या गेमच्या स्टॉर्म इंजिनमध्ये (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मोहिमा, किमती, जहाजांचे गुणधर्म, पात्रांची वागणूक हे बहुतेक सारे सी या प्रोग्रामिंग भाषेच्या वळणाच्या साध्या मजकूर-फाइलींत लिहिलेले होते, आणि त्या ‘प्रोग्राम’ नावाच्या फोल्डरमध्ये उघड्या पडलेल्या होत्या. तोफेचा पल्ला बदलायचा असेल तर नोटपॅड पुरे होत असे. त्यामुळेच ‘पायरेट्स अहॉय’ या समूहातल्या हौशी मंडळींनी चुका दुरुस्त करता करता ‘न्यू होरायझन्स’ हा अवाढव्य मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये चाहत्यांनी केलेले बदल आणि भर, उभा केला. त्यात काल्पनिक बेटांच्या जागी खरा कॅरिबियन समुद्र आला आणि वेगवेगळे ऐतिहासिक कालखंड निवडण्याची सोय झाली. रशियात तर सीवर्ड या मॉड करणाऱ्या गटाने याच मालिकेतला २००७ चा ‘सिटी ऑफ अबँडन्ड शिप्स’ हा अधिकृत गेम घडवला. पश्चिमेत तो २००९ मध्ये पोहोचला. २०२१ मध्ये इंजिनचा मूळ कोडही खुला झाला. बंदिस्त आणि गुळगुळीत गेमच्या वाट्याला असे दीर्घायुष्य सहसा येत नाही.

काटेकोर

नोटपॅडवाल्यांची माहिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. ‘न्यू होरायझन्स’चे श्रेय वर्षानुवर्षे विनामोबदला राबलेल्या मंडळींचे आहे. ते उचलून मूळ निर्मात्यांच्या खात्यावर मांडणे म्हणजे गळके घर बांधणाऱ्याला भाडेकरूने केलेल्या डागडुजीबद्दल शाबासकी देणे होय. २००३ मध्ये ज्याने पूर्ण किंमत मोजली, त्याच्या हाती मॉड नव्हता. शिवाय फाइली उघड्या ठेवण्यामागे मॉड करणाऱ्यांविषयी काही जाणीवपूर्वक धोरण होते की तो कामाच्या घाईचा परिणाम होता, याचा पुरावा आपण कोणीच दिलेला नाही.

खांदेरीकर

मी दोन्ही बाजूंच्या मध्ये आहे, तरी किंचित धागाकर्त्यांकडे झुकतो, आणि त्याचे कारण ‘स्कल अँड बोन्स’ हे आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेला हा गेम वारंवार पुढे ढकलला जात फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, आणि त्याची निर्माती कंपनी युबिसॉफ्ट हिच्या प्रमुखांनी त्याला चक्क ‘चार ए’ दर्जाचा, म्हणजे सर्वांत मोठ्या खर्चाच्या ‘तीन ए’ गेमच्याही वरचा, म्हटले. त्यात शत्रूच्या जहाजावर उतरलात की पुढचे सगळे एका छोट्या दृश्यात आटोपते. डेकवर तलवार उपसण्याची संधीच नाही. अकेलाने २००३ मध्ये, वाकडेतिकडे का होईना, ते करून दाखवले होते.

मला अधिक खटकली ती दुसरी गोष्ट. ‘स्कल अँड बोन्स’ हिंदी महासागरात घडतो. या समुद्रावर कान्होजी आंग्र्यांची सत्ता तोफांइतकीच दस्तकांवर, म्हणजे सागरी परवान्यांवर, उभी होती: दस्तक घेतलेल्या व्यापारी जहाजाला अभय, न घेतलेले पकडले जाणार, आणि इंग्रजांशी तंटा पेटण्याचे एक मोठे कारण हेच. झेंडा, परवाना, गव्हर्नरची मर्जी, शत्रुत्व विकत मिटवणे, हे राजकारण ‘सी डॉग्ज’ मालिकेत खेळाच्या मुळाशी होते. कोणी आंग्र्यांवर गेम करायला घेतलाच, तर त्याने धडे ‘ब्लॅक फ्लॅग’पेक्षा या जुन्या, खडबडीत गेमकडून घ्यावेत असे माझे मत आहे. अर्थात दुरुस्तीचा खर्चही आधीच धरावा.

काटेकोर

‘स्कल अँड बोन्स’ने लढाई गाळली म्हणून अकेलाची लढाई चांगली ठरत नाही. दस्तकांचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

नोटपॅडवाला

नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना करतो: मूळ गेम घेऊन त्यावर थेट ‘न्यू होरायझन्स’ बसवावा आणि समुद्रप्रवासाची वास्तवदर्शी पद्धत निवडावी. सोप्या अर्केड पद्धतीत वाऱ्याचे महत्त्व इतके घटते की या धाग्यातला अर्धा वाद समजणारच नाही.

सुकाणूधारी

वास्तवदर्शी पद्धतीविषयी सहमत, पण मॉडविषयी नाही. आधी मूळ गेममध्ये ऑक्सबेहून निघून रेडमंडला पोहोचावे, एखादे व्यापारी जहाज छर्ऱ्यांनी जेरीस आणून पकडावे, आणि मगच मॉड बसवावा. ‘न्यू होरायझन्स’मध्ये पर्याय इतके आहेत की नवखा माणूस मूळ रचना कोणती आणि भर कोणती हे ओळखू शकत नाही.

काटेकोर

आणि रेडमंडला पोहोचण्याआधी गेम बंद पडलाच, तर सेव्ह (जतन केलेला खेळ) वेगवेगळ्या नावांनी ठेवलेली असावी.