१८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत लष्कर आणलं ते बरोबर होतं का?

लालबागकर
गिरणी संपावर इतकं लिहून झालंय की दत्ता सामंत, १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार हे सगळं लोकांना पाठ आहे. पण बरोब्बर सात महिन्यांनी मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केलं आणि शहरात लष्कर उतरवावं लागलं, हे सांगितलं की निम्मे लोक म्हणतात काय सांगताय! तर थोडक्यात : शिपायांची संघटना होती, पगार, घरं, ड्युटीचे तास आणि साहेबाच्या बंगल्यावर ऑर्डर्ली म्हणून राबणं ह्या तक्रारी. १५ ऑगस्टला काळ्या फिती लावल्या. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री. १८ च्या पहाटे नायगाव-वरळीच्या पोलीस वसाहतींना निमलष्करी दलांचा वेढा, पुढारी अटकेत, संघटनेची मान्यता रद्द. उजाडल्यावर शिपाई रस्त्यावर आले, गिरणी कामगार त्यांना मिळाले, लोकल अडवल्या, बसेस पेटल्या, दुकानं फुटली. मग लष्कर आणि कर्फ्यू.
माझं म्हणणं असं की "दंगल झाली म्हणून जवान आणावे लागले" हे अर्धं सत्य आहे. बंदुका पहाटे आल्या, दंगल सकाळी झाली. चर्चेचं दार आधी बंद करायचं आणि मग लोक दार फोडतायत म्हणून बोंब मारायची.

निवृत्त_बाबू
पहाटे आलं ते लष्कर नव्हतं, तुम्हीच निमलष्करी लिहिलंय, म्हणजे क्रम काही उलटा नाही. आणि सरकार एवढं घाबरलं का तेही बघा. १९७३ च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशात पीएसीने, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलीस दलाने, बंड केलं, लष्कराला त्यांच्याशी अक्षरशः लढावं लागलं, माणसं मेली, महिन्याभरात कमलापती त्रिपाठींचं मंत्रिमंडळ गेलं. हे सगळं डोळ्यासमोर असताना कुठला मुख्यमंत्री वाट बघत बसेल हो? गिरणी कामगार संपावर गेला तर साचे बंद पडतात. हत्यारखान्याच्या चाव्या ज्याच्याकडे तोच संपावर गेला तर बोलावणार कोणाला, होमगार्डला? १९६६ चा कायदा स्पष्ट आहे, पोलिसाला संघटना करायची तर सरकारची परवानगी लागते. ती दिली होती, काढून घेतली. संपलं.

लालबागकर
परवानगी काढून घ्यायला पहाट कशाला लागते? दिवसाढवळ्या पत्र द्यायचं की.

सातारी_तडका
मुंबईला हे काय नवीन नाय. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस ह्या हिशोबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, आणि गव्हर्नर क्लार्कच्या सरकारने गोरे सोल्जर रस्त्यावर आणून गोळ्या घातल्या. माणसं मेली ती परळ-काळबादेवीकडचीच. आपण शाळेत टिळकांची शिक्षा शिकतो, सोल्जरचं एका ओळीत उरकतात. एक खुर्ची गोऱ्याची होती, एक आपल्या माणसाची, कामगारासमोर पाठवलं काय तर संगीनच.

निवृत्त_बाबू
काय राव, कुठे १९०८ आणि कुठे १९८२. तिथे परक्या सरकारने नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, इथे निवडून आलेल्या सरकारने पेटलेलं शहर सावरलं. सैन्य दिसलं की लगेच जुलूम असं गणित असेल तर पूर आल्यावरही बोलावू नका.

वकीलीणबाई
कायद्याचं बोलते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३० म्हणतं की जमाव दुसऱ्या कोणत्याच मार्गाने पांगत नसेल तरच दंडाधिकारी सैन्याची मदत घेऊ शकतो, आणि सैन्यानेही कमीत कमी बळ वापरायचं. आता ते नवीन संहितेत गेलंय, आशय तोच. १८९८ च्या इंग्रजी संहितेतही हाच सांगाडा होता, त्यामुळे सातारींची तुलना अगदीच हवेत नाही. त्या दिवशी दुपारी "दुसरा मार्ग नाही" ही अट बहुतेक पूर्ण झाली होती, कारण दुसरा मार्ग म्हणजे पोलीस, आणि तेच समोर उभे. म्हणजे लष्कराला बोलावणं कायद्यात बसतं. वेढा घालण्याचा निर्णय शहाणपणाचा होता का हा वेगळा प्रश्न आहे, आणि इथे सगळे दोन्हीची खिचडी करतायत.

भाऊचा_धक्का
एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. आमचे आजोबा साचेखात्यात, त्यांचे धाकटे भाऊ, आम्ही तात्या म्हणायचो, पोलिसात. दोघं मालवणकडचे, एकच खोली, दहा बाय बारा. आजोबा गेटवर "कोण म्हणतो देणार नाही" ओरडायचे तेव्हा तात्या कुठल्यातरी दुसऱ्या गेटवर काठी घेऊन उभे. आणि संपात आजोबांचा पगार बंद झाल्यावर घर चाललं कोणाच्या पैशावर? तात्यांच्या. आजी सांगायची, वाण्याची उधारी पोलिसाच्या नावावर मिळायची, गिरणीवाल्याला जूनपासून कोणी दारात उभं करत नव्हतं. गिरणगावात अशी घरं शोधायला लागत नव्हती. सरकारला दंगलीची भीती होती ती होतीच, पण खरी धास्ती ही की उद्या गिरणीच्या गेटवर लाठी मारायला सांगितलं तर हा मारेल का. ती शंका आल्यावर सरकार बाहेरून, ज्याचा भाऊ चाळीत राहत नाही असा जवान आणणारच. म्हणून मला हा प्रश्न गिरणी संपापासून वेगळा काढताच येत नाही.

परळचा_दुकानदार
सगळं ऐकलं. आता माझ्या काकांचं ऐका, कापडाचं छोटं दुकान, संपामुळे धंदा आधीच बसलेला, त्यात त्या दिवशी शटर वाकवून ठाण उचलून नेले. नेणारे कोण? काही ओळखीचे चेहरे होते म्हणे, काकांनी कधी नावं घेतली नाहीत. लष्कराच्या गाड्या गेल्यावर त्यांनी अर्धं शटर वर केलं. तुमची ती वर्गजाणीव का काय ती ज्याचं लुटलं गेलं त्याला समजावून सांगा.

लालबागकर
काकांचं नुकसान कोणी नाकारत नाहीये. लुटणाऱ्याला पकडा, खटला चालवा. पण त्या दिवसाच्या नावाखाली किती शिपायांच्या नोकऱ्या गेल्या त्यात लुटणारे किती आणि नुसती काळी फीत लावणारे किती? आणि मागण्यांचं काय झालं ते ऐका, आठ तासांची ड्युटी देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाली ती २०१६ ला. प्रयोग म्हणून!

निवृत्त_बाबू
हो, आणि ती एका शिपायानेच साहेबांपुढे आराखडा ठेवून मिळवली, बस जाळून नाही. हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे साहेब.

सातारी_तडका
चौतीस वर्षांनी मिळाली हो. शिपाई ५८ ला रिटायर होतो.

भाऊचा_धक्का
तात्या तर त्याच्या कितीतरी आधी.