नव्या स्पोर्ट्स कारवर वरचे पैसे द्यावेत का?

रावपुरावाला:
आपल्याकडे ‘ऑन’, म्हणजे छापील भावावर वरचे पैसे, देऊन गाडी घेणं जुनंच आहे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा लोक बुकिंगचे नंबरसुद्धा विकत घेत. आता आतेभाऊ अमेरिकेत कॉर्व्हेट झेड०६ या स्पोर्ट्स कारच्या मागे लागलाय, म्हणून लिहितो: डीलरला वर एक डॉलरही देऊ नये. २०२३च्या झेड०६ची किंमत साधारण १ लाख ६ हजार डॉलरपासून होती. सुरुवातीला डीलर त्यावर ५० हजार, कुठे लाखभरही मागत होते. कारखाना चालूच राहिला, व्याजदर चढले, आणि दोनेक वर्षांत तीच गाडी छापील भावात, काही ठिकाणी त्याहून स्वस्त मिळू लागली. १९८९ साली माझदाच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारचंही हेच झालं. १३,८०० डॉलरच्या गाडीवर पहिल्या उन्हाळ्यात हजारो डॉलर जास्त गेले. विकताना ते कोण परत देतो?

हलोलचा_जुना:
२०१७ला बंद होईपर्यंत मी हलोलच्या जनरल मोटर्समध्ये, म्हणजे कॉर्व्हेटवाल्या कंपनीतच, होतो. तुम्ही दिलेल्या दोन्ही गाड्या बनतच राहिल्या, म्हणून ऑन विरघळलं. पोर्शे ९११ आर घ्या. २०१६ साली फक्त ९९१ गाड्या, भाव १,८४,९०० डॉलर. तिथे थांबून काय मिळालं असतं?

रावपुरावाला:
मिळालं असतं! ९११ आरची ओढ मॅन्युअल गिअरसाठी होती; पुढच्याच वर्षी पोर्शेने ९११च्याच जीटी३ मॉडेलला तो परत दिला आणि ९११ आरचे चढे भाव घसरले.

हलोलचा_जुना:
घसरले, पण मूळ किमतीवर आले का? नाही. गाड्यांचा आकडा खरोखर बांधलेला असेल तर थांबणाराच जास्त मोजतो. शिवाय अमेरिकेत डीलर स्वतंत्र व्यापारी असतो, कंपनीची किंमत ही नुसती सूचना. मंदीत तोच तोटा सोसून गाड्या काढतो, मग तेजीत त्याने का कमवू नये?

मांडवीची_सून:
काका, तोटा सोसतो हे मान्य. पण त्याची भरपाई एका हौशी गिऱ्हाइकाच्या खिशातून का? कंपनीने मनावर घेतलं तर हे आवरता येतं. २०१८च्या डॉज डीमनच्या ३,३०० गाड्याच होत्या. छापील भावात किंवा खाली विकलेल्या ऑर्डरी कारखान्यात आधी घेतल्या जातील असं डॉजने जाहीर केलं. फोर्डने आपली जीटी ही स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना दोन वर्षं न विकण्याची अट घातली, आणि ती मोडली म्हणून कुस्तीवाल्या जॉन सीनावर २०१७ला दावाही लावला.

हलोलचा_जुना:
ताई, त्यानं छापील भाव आणि बाजारभावातला फरक नाहीसा होत नाही. डीलरने सोडला तर पहिला गिऱ्हाईक खातो, म्हणून तर फोर्डला कोर्टात जावं लागलं.

मांडवीची_सून:
गिऱ्हाइकाने खाल्लेला मला चालेल. निदान गाडी तरी त्याने चालवलेली असते.

रावपुरावाला:
झेड०६ अजून बनतेय. आतेभावाला कळवलं: छापील भावात देणारा डीलर सापडेपर्यंत टोकन भरू नकोस.