शब्दचर्चा: प्रतिध्वनी, पडसाद, निनाद

प्रश्न: ‘प्रतिध्वनी’ आणि ‘निनाद’ हे शब्द विज्ञानाच्या पुस्तकात वेगळे दिले आहेत. बोलताना मात्र दोन्हीला आपण ‘आवाज घुमतो’ असंच म्हणतो. आणि ‘पडसाद’ यात कुठे बसतो?

उत्तर: फरक वेळेचा आहे. ऐकलेल्या आवाजाची जाणीव साधारण 0.1 सेकंद टिकते. तेवढ्यात परत आलेला आवाज मूळ आवाजातच मिसळतो. 22 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 344 मीटर जातो, म्हणजे 0.1 सेकंदात 34.4. हे अंतर जाऊन-येऊन, म्हणून प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला भिंत निदान 17.2 मीटरवर हवी. त्याहून जवळच्या भिंती, छत आणि फरशीवर आवाज पुन्हापुन्हा आदळून रेंगाळतो, तो निनाद. घर रंगवायला रिकामं केलं की साधं बोलणंही घुमतं ना, तेच. गाद्या-पडदे परत आले की ते आवाज शोषून घेतात आणि घुमणं थांबतं. त्यामुळे ‘घुमणे’ हे क्रियापद मी निनादासाठीच राखून ठेवेन.

‘पडसाद’ हा प्राकृतातून आलेला संस्कृत ‘प्रतिशब्द’, जशी ‘प्रतिच्छाये’ची ‘पडछाया’. अर्थ प्रतिध्वनीच. आता तो बातम्यांपुरता उरलाय, ‘विधानसभेत पडसाद उमटले’ असा. इतका सुंदर शब्द डोंगरदऱ्यांतही परत वापरायला हवा.

प्रश्न: मग विजापूरच्या गोलघुमटात नेमकं काय होतं?

उत्तर: तिथे तीन प्रकार आहेत! घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. टाळी समोरून परतायला 0.2 सेकंदाहून जास्त लागतात, म्हणून ती सुटी ऐकू येते, तीही अनेकदा. मागे निनाद रेंगाळतोच. तिसरा प्रकार म्हणजे सज्जातली कुजबुज. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं तर ध्वनी मध्ये न पसरता वक्र भिंतीला धरून सरकतो आणि पलीकडे कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचा उलगडा ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी केला होता. याला प्रतिध्वनी म्हणू नये, इथे आवाज परत येतच नाही.

प्रश्न: पाण्याखालीही 17 मीटरच धरायचे का?

उत्तर: नाही. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1480 मीटर, म्हणजे अंतर 74 मीटरवर जातं. पण हा हिशेब माणसाच्या कानाचा. मच्छीमार बोटीवरचं खोली मोजणारं यंत्र याहून कितीतरी उथळ तळाचाही प्रतिध्वनी टिपतं. व्याख्या लिहिताना ‘माणसाच्या कानाला’ हे शब्द गाळू नयेत.